पहिली पेटी कोणती घ्यावी? सिंगल रीड, डबल रीड आणि स्केल चेंजरची पारख

दसरा किंवा पाडवा जवळ आला की लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या वाद्यांच्या दुकानांत पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, विचारपूस वाढते. कुणाचं पोर क्लासला जायला लागलेलं असतं, कुठल्या गावच्या भजनी मंडळाला सप्ताहाआधी नवी पेटी हवी असते. दुकानदार तीन प्रकार पुढे मांडतो: सिंगल रीडची (रीड म्हणजे सूर काढणारी पितळेची जीभ) लहान पेटी, डबल रीडची मध्यम पेटी आणि मोठी, झगझगीत स्केल चेंजर. घेणारा बहुतेक वेळा पॉलिश आणि समोरच्या ओढायच्या खुंट्यांची संख्या बघून ठरवतो. चूक तिथेच होते. पेटी हे हवेवर चालणारं वाद्य आहे. हवा धरून ठेवणं आणि सुरात असणं, या दोन गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं नवशिक्यासाठी दुय्यम आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. शिकणाऱ्याने डबल रीडची, खर्ज-नर जोडीची (एका सप्तकाच्या अंतराने बोलणाऱ्या दोन रीडची), सव्वातीन किंवा साडेतीन सप्तकांची साधी पेटी घ्यावी. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारी सोय) नको, स्केल चेंजर (पट्ट्यांचा पाट सरकवून सूर बदलणारी पेटी) नको. हात तंग असेल तर चांगल्या बांधणीची सिंगल रीड घ्यावी, पण स्वस्तातली डबल रीड घेऊ नये. यामागची कारणं पुढे आहेत.

पेटीच्या आत काय चालतं ते एकदा समजून घेतलं की खरेदी सोपी होते. मागचा भाता डाव्या हाताने हलवला की हवा आतल्या भात्यात जाते. आतल्या भात्याला स्प्रिंगचा दाब असतो, त्यामुळे हात थांबला तरी हवेचा झोत काही वेळ सारखा राहतो. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाखालचं भोक उघडतं आणि हवा तिथल्या रीडमधून वाट काढते. रीड म्हणजे पितळेची चौकट आणि तिच्या फटीवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळेची पातळ जीभ. ही जीभ फटीतून खालीवर थरथरते आणि सूर उमटतो. जीभ लांब आणि जड असेल तर सूर खालचा, आखूड आणि हलकी असेल तर वरचा. जुळवणारा कारागीर जिभेच्या टोकाकडे किंचित घासतो तेव्हा सूर चढतो, मुळाकडे घासतो तेव्हा उतरतो. एकदा घासलेलं पितळ परत येत नाही. म्हणून वारंवार घासलेली रीड अशक्त होते आणि हवा लागूनही उशिरा बोलते. जुनी पेटी घेताना झाकण उघडून जिभांवरचे ओरखडे जरूर बघा. गुजरातमधलं पालिताणा हार्मोनियमच्या रीडसाठी प्रसिद्ध आहे. दुकानात "पालिताणा रीड" हा शब्द सर्रास वापरतात, पण शिक्क्यापेक्षा आपल्या कानावर भरवसा ठेवावा.

आता पट्ट्या. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, मिळून बारा. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक. तिथून उजवीकडे मोजत पांढरी दोन, तीन, सातपर्यंत. जोडीतल्या काळ्या त्या काळी एक आणि दोन, तिघींच्या गटातल्या काळी तीन, चार आणि पाच. गाणारा ज्या पट्टीला सा धरतो ती त्याची पट्टी. इंग्रजी पद्धतीत प्रत्येक पट्टीला कायमचं नाव आहे, आपल्याकडे मात्र सा कुठेही बसतो. नवशिक्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. पांढरी एकला सा धरला तर सा ते सां सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, आणि पोराला वाटतं पांढरी म्हणजे शुद्ध, काळी म्हणजे कोमल. ही समजूत पहिल्याच महिन्यात मोडायला हवी. काळी एकला सा धरा: रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नी वरची पांढरी एक, सां वरची काळी एक. काळी चारला सा धरला तर रे काळी पाच, ग पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. आणि काळी तीनला सा धरून भूप राग वाजवला तर सा रे ग प ध हे पाचही स्वर फक्त काळ्या पट्ट्यांवर येतात. बारा पट्ट्यांचं अंतर सारखं असतं, रंगाचा स्वराशी संबंध नसतो, हे या एका उदाहरणात लहान मुलालाही कळतं.

पुरुषांचा आवाज साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार-काळी पाचच्या आसपास. आपल्याकडचं वारकरी भजन मात्र चांगलंच उंच पट्टीत चालतं. म्हणून मंडळासाठी पेटी घेताना मुख्य गाणाऱ्याला सोबत न्या आणि त्याची पट्टी पेटीवर धरून बघा. तीन सप्तकांच्या पेटीला ३७ पट्ट्या असतात, सव्वातीनला ३९, साडेतीनला ४२. शिकायला ३७ पुरतात, पण उजवीकडच्या दोन-पाच जास्तीच्या पट्ट्या उंच गाणाऱ्याच्या तार सप्तकाला कामी येतात. पेटी पांढरी एकपासून सुरू होत असेल तर काळी एकवाल्याने मधल्या सप्तकातली काळी एक सा धरावी. अगदी डावीकडची धरली तर मंद्रासाठी, म्हणजे खालच्या सप्तकासाठी, एकच पट्टी उरते.

सिंगल रीडबद्दल फार लिहायला नको. एका पट्टीला एकच रीड, हवा कमी लागते, वजन कमी, बिघाड कमी. सूर बारीक पण स्पष्ट. घरात बसून अलंकार घोटायला, आवाज सुरात लावायला ती उत्तम. टाळ-मृदंगापुढे मात्र ती ऐकूच येत नाही, त्यामुळे मंडळासाठी तिचा विचार करू नका.

डबल रीडमध्ये एका पट्टीला दोन रीड बोलतात. इथे दुकानात एक प्रश्न विचारलाच पाहिजे: जोडी खर्ज-नर आहे की नर-नर? खर्ज-नरमध्ये दोन रीड एका सप्तकाच्या अंतराने असतात, म्हणून सूर भरदार होतो आणि तरी स्वच्छ राहतो. नर-नरमध्ये दोन्ही रीड एकाच उंचीच्या असतात, आणि पुष्कळदा मुद्दाम किंचित विसंवादी ठेवलेल्या असतात. एक रीड ४४० कंपनांची आणि दुसरी ४४२ ची असेल तर सेकंदाला दोन लहरी ऐकू येतात. ती थरथर दुकानात गोड वाटते. पण ज्याचा कान अजून घडायचा आहे त्याला नेमका सूर कुठला हे कळत नाही आणि त्याचा आवाज दोन रीडच्या मध्ये डोलत राहतो. नवशिक्याला नर-नर देऊ नका. खर्ज-नर घेतानाही समोरच्या खुंट्या ओढून-लोटून रीडची एकेक ओळ वेगळी बंद करता येते का ते बघा. घरी रियाजाला फक्त नर, मंडळात दोन्ही, अशी सोय त्यातून होते. मादी रीड, म्हणजे नरपेक्षा एक सप्तक वर बोलणारी तिसरी ओळ, शिकणाऱ्याला लागत नाही. ती हवा खाते आणि भाता मारायचे कष्ट वाढवते.

स्केल चेंजरचा मोह सगळ्यांत मोठा. यात पट्ट्यांचा सगळा पाट डावी-उजवीकडे सरकतो आणि खालच्या रीड बदलतात. म्हणजे बोटं पांढरी एकचीच, सूर मात्र काळी दोनचा. मैफलीत वेगवेगळ्या गायकांना साथ करणाऱ्याला हे वरदान आहे. शिकणाऱ्याचं मात्र त्यात दुहेरी नुकसान होतं. पहिलं म्हणजे बोटं एकाच पट्टीला चिकटतात. वर लिहिलेली काळी एक, काळी चारची बोटं तो कधी शिकतच नाही, आणि गावच्या मंडळातली साधी पेटी समोर आली की अडतो. दुसरं नुकसान यंत्राचं. सरकता पाट आला की सांधे वाढले, सांधे वाढले की हवा निसटायच्या जागा वाढल्या. गाडीत हादरे बसले की पाट अर्ध्या खाचेवर येतो आणि पट्टी एका रीडच्या जागी दोन रीडच्या मधोमध उघडते. सेलू किंवा उमरग्यासारख्या गावात यासाठी कारागीर मिळणं कठीण, मग पेटी शहरात न्यावी लागते. वजनही भारी. ज्या पैशात सुमार स्केल चेंजर येते त्यात उत्तम डबल रीड येते, हा सौदा डोळे उघडे ठेवून करा.

कपलरचं तेच. एक पट्टी दाबली की त्याच स्वराची दुसऱ्या सप्तकातली पट्टी आपोआप दबते. आवाज मोठा होतो, पण पट्ट्या जड लागतात आणि नवीन बोटांना जोर द्यायची सवय लागते. ती सवय पुढे लय वाढली की नडते.

दुकानात पेटी तपासायला अर्धा तास काढा आणि क्रम चुकवू नका. आधी सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरा. भाता घट्ट लागला पाहिजे आणि हात सोडल्यावर लगेच ढिला पडता कामा नये. मग सगळ्या खुंट्या उघडा, एकही पट्टी दाबू नका, आणि भाता मारा. कुठूनही बारीक सूर आला तर एखाद्या पट्टीखालची गादी भोकावर नीट बसलेली नाही. तिसरी तपासणी: भाता पूर्ण भरा, मधल्या सप्तकातली एकच पट्टी दाबून धरा, भाता परत मारू नका, आणि सूर किती वेळ टिकतो ते मोजा. दहा सेकंदांच्या आत सूर मावळला तर ती पेटी बाजूला ठेवा, मग लाकूड कितीही देखणं असो. यानंतर डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी, काळ्यांसकट, अगदी हलक्या हवेवर वाजवा. जोरात भाता मारला तर कुठलीही रीड बोलते, खरी परीक्षा मंद हवेवर होते. एखादी रीड उशिरा उठत असेल, कुजबुजत असेल, झणझणत असेल तर तिथेच दाखवून द्या. पट्टी सोडल्यावर ती झटकन वर येते का, शेजारच्या पट्टीला घासते का, सगळ्या पट्ट्या एका पातळीत आहेत का, हे बोट फिरवून कळतं.

सुराची तपासणी कानाने करा आणि मोबाइलमधल्या ट्यूनरने पडताळा. दोन ओळी एकदम वाजवल्या की ट्यूनर फसतो, म्हणून एकच ओळ उघडी ठेवा. मधली पांढरी सहा ४४० कंपनांच्या आसपास हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्ट्यांचं आपसातलं नातं. सा आणि वरचा सां एकत्र दाबा: सूर सपाट, स्थिर राहिला पाहिजे, लहर अजिबात नको. मधल्या सप्तकात पांढरी एक आणि पांढरी पाच, म्हणजे सा-प, एकत्र दाबले तर सेकंदाला साधारण एक संथ लहर येते, ती चालते. सा-ग दाबलं की सेकंदाला दहाएक लहरी येतात. त्यालाही दोष समजू नका, ती पेटीची जातच आहे.

ही जात काय ते शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच कळावं. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप निघणारा गंधार सापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, पेटीचा ४०० वर. म्हणजे पेटीचा ग तब्बल १४ सेंट चढा. पंचमाचा फरक फक्त २ सेंटचा, म्हणून प कानाला खुपत नाही. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीवर निघत नाही. याच आक्षेपांवरून आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. आणि तरीही याच मर्यादेत पेटीला गातं करणारे पेटीवादक आप्पा जळगावकर आपल्या जालन्याचे. भीमसेन जोशींसारख्या गायकांच्या साथीत त्यांची पेटी स्वर दाखवून मागे सरायची, गायकाच्या वाटेत यायची नाही. साथ शिकणाऱ्याने त्यांची ध्वनिमुद्रणं पेटीकडे कान देऊन ऐकावीत. गाणं शिकणाऱ्याने मात्र तानपुरा, निदान मोबाइलमधला तानपुरा, सतत चालू ठेवावा आणि पेटीवर फक्त स्वराची जागा पडताळून बघावी. दिवसभर पेटीबरोबर गाणाऱ्याचा गंधार कायमचा चढा राहतो.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा पर्यायही दुकानात सुचवला जातो. तो सुराबाहेर जात नाही, हेडफोन लावून वाजवता येतो आणि पट्ट्यांची नावं शिकायला चांगला आहे. पण त्यात भाता नाही. पेटीवर स्वराचा जोर, श्वास, थांबा सगळं डाव्या हातात असतं, ते कीबोर्ड शिकवत नाही. फार लहान आकाराच्या पट्ट्यांचा खेळण्यातला कीबोर्ड तर टाळाच. बोटांना चुकीच्या अंतराची सवय लागली की पेटीवर ती मोडायला महिने जातात.

लाकूड सागवानी असलेलं बरं, कारण ते हवामानाने कमी फिरतं. प्लायवूडची पेटी स्वस्त पडते, पण ओल लागली की थर सुटतात. आपल्याकडचं हवामान पेटीला कठीणच. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा चाळिशीच्या बराच वर जातो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. लाकूड आकसतं, रीडच्या पाटाला केसाएवढी चीर पडली तरी हवा निसटते. पावसाळ्यात उलट: लाकूड फुगतं, पट्ट्या दाटतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. म्हणून ऐन पावसाळ्यात तपासलेल्या पेटीवर पूर्ण विश्वास टाकू नका, फुगलेलं लाकूड फटी झाकतं. उन्हाळ्यात घेतलेली आणि तरी हवा धरणारी पेटी खात्रीची. घरी ती कूलरच्या झोतात ठेवू नका, तो ओला वारा थेट पट्ट्यांत शिरतो. जमिनीवर, भिंतीला टेकूनही नको. आणि उंदरांपासून जपा, भात्याचं चामडं आणि पट्ट्यांखालची गादी त्यांना फार आवडते. सप्ताहाच्या मांडवात वाजवणं थांबलं की लगेच वरचं झाकण लावा, कारण धुळीचा एक कण रीड मुकी करायला पुरतो.

शिकणाऱ्याच्या हातून होणारे बिघाडही ठरलेले असतात. प्रत्येक स्वराला एक असा भाता मारला की सूर धक्के खात येतो. भाता लयीपासून वेगळा, संथ, अर्ध्या उघडझापेत चालला पाहिजे. पूर्ण ताणून खाडकन मिटवला तर घड्यांची शिवण उसवते, आणि जास्त दाबाखाली खर्जाचे जाड सूर किंचित उतरतात. पट्टी तळाला लागेपर्यंत दाबायची, त्यापुढे जोर लावायचा नाही. वाजवून झालं की दोन-तीन पट्ट्या दाबून उरलेली हवा काढा, मग भात्याची कडी लावा, शेवटी खुंट्या बंद करा. हवा आत कोंडून कडी लावली की आतल्या भात्यावर रात्रभर ताण राहतो. बोटांसाठी पांढरी एकच्या सरगमात एक सोपी रीत: सा अंगठा, रे तर्जनी, ग मधलं, मग अंगठा खालून घेऊन म, प तर्जनी, ध मधलं, नी अनामिका, सां करंगळी. काळ्या पट्टीवर अंगठा शक्यतो टाळा. सुरुवातीला सासा रेरे गग, सारेग रेगम असे अलंकार आठ मात्रांच्या केरव्यात बसवले की बोटं आणि लय एकत्र वळतात.

एखादी रीड अचानक मुकी झाली तर दर वेळी शहर गाठायची गरज नाही. हवा काढून टाका, झाकणाचे स्क्रू सोडा, रीडचा पाट अलगद उचला. मुकी पट्टी कोणती ते खडूने आधीच खुणावलेलं असावं. त्या रीडच्या जिभेखालून जाडसर गुळगुळीत कागदाची अरुंद पट्टी सावकाश सरकवा आणि काढा. कण असेल तर निघतो. मग नखाने जिभेचं मोकळं टोक हलकेच छेडा, स्वच्छ टणत्कार आला पाहिजे. तेल लावायचं नाही, जीभ वर उचलून वाकवायची नाही, सुई खुपसायची नाही. पाट परत बसवताना कडेची हवा रोखणारी पट्टी सगळीकडे सारखी दाबली गेली पाहिजे, स्क्रू एका बाजूने पूर्ण न आवळता समोरासमोर थोडे थोडे आवळा. तरीही रीड बोलली नाही, किंवा बोलली पण उतरली असेल, तर बहुधा जिभेला तडा गेला आहे. तिथे हात घालू नका, रीड बदलूनच घ्यावी लागते.

घेतानाच दुकानदाराशी एक बोलणं पक्कं करा: पहिल्या वर्षात एकदा मोफत जुळवणी, आणि तीही पहिला उन्हाळा आणि पावसाळा होऊन गेल्यावर, दिवाळीनंतर. नवं लाकूड आणि नवं पितळ तोवर आपापल्या जागी बसतं. घेतल्या-घेतल्या केलेली जुळवणी बिलावर दिसते, पण ती पुढच्या पाडव्यापर्यंत टिकत नाही. बिलावर रीडच्या ओळी, जोडीचा प्रकार, पट्ट्यांची संख्या आणि लाकूड लिहून घ्या. "हार्मोनियम, नग एक" एवढ्याच बिलावर नंतर काही सिद्ध करता येत नाही.